चार नंबरच्या कॅनमधलं मीठ

शुक्रवारी सकाळी साडेआठ वाजता ज्योत्स्ना देवरे पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन घेऊन अहिररावांच्या दारात उभी राहिली, तेव्हा महेश अहिरराव यांना वाटलं, रॉकेल आलं.

"ठेवा तिथं मोरीपाशी," ते म्हणाले. "मी नरसाळं आणतो."

"ही लघवी आहे," ज्योत्स्ना म्हणाली.

महेशरावांनी विचार केला. इंदिरानगरात राहायला आल्यापासून त्यांच्या दारात बऱ्याच गोष्टी विकायला आल्या होत्या.

"आम्हाला नको," ते म्हणाले.

"अहो, आत येऊ द्या तिला," घरातून ललिताताईंचा आवाज आला. "आणि झाकण उघडू नका."

महेशरावांनी झाकण उघडलं होतं.

दारावर पाटी होती: 'ललिता अहिरराव. खाजगी चौकशी. विवाहपूर्व व विवाहोत्तर.' मुलगा पितो का, आधी कुठं ठरलं होतं का, नोकरी खरंच कायम आहे का, असली कामं ललिताताई करायच्या. महेशरावांचा टायपिंगचा क्लास होता. १९९८ साल लागलं आणि वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला. तेव्हापासून महेशरावांकडे तीनच विद्यार्थी उरले होते, आणि त्यातला एक जिना चुकून येत होता. त्यामुळे बायकोच्या प्रत्येक चौकशीला ते स्कूटर घेऊन हजर असत आणि गुन्हेगार पहिल्या पाच मिनिटांत ओळखत. आजवर त्यांनी ओळखलेला एकही गुन्हेगार निघाला नव्हता.

"हे काळं का आहे?" ललिताताईंनी कॅनकडे बघत विचारलं.

"तेच तर," ज्योत्स्ना म्हणाली. तिनं ओढणीनं नाक पुसलं, पण ती रडत नव्हती. चिडली होती. "डॉक्टर म्हणतात, मी चहा ओतला."

हळूहळू सगळं बाहेर आलं. डॉ. धनराज बच्छाव यांनी जवळच एक बंगला भाड्यानं घेऊन सहा धडधाकट माणसं चौदा दिवसांसाठी आत ठेवली होती. प्रत्येकाला तोलून जेवण. दिवसाला मोजून सहा ग्रॅम मीठ. आणि चोवीस तासांतली सगळी लघवी ज्याच्या त्याच्या नंबरच्या कॅनमध्ये. ज्योत्स्ना तिथली लॅब टेक्निशियन. कॅन रात्री जिथं ठेवत त्या खोलीची किल्ली तिच्याकडे.

"जेवढं मीठ पोटात जातं, तेवढंच बाहेर येतं. थोडंफार घामात जातं, ते सोडा," ती म्हणाली. "पहिला आठवडा सगळ्यांचं बरोबर आलं. आणि या सोमवारी चार नंबरच्या कॅनमध्ये नऊ ग्रॅम. मंगळवारी दहा. बुधवारी परत नऊ, तोच हा कॅन."

"खाल्लं सहा, निघालं दहा," महेशराव म्हणाले. "बँकेत असं होत नाही."

"कॅनही नेहमीपेक्षा जास्त भरलेला. डॉक्टर म्हणतात, माझ्या हातून सांडलं, आणि ते लपवायला मी मिठाचं पाणी ओतलं. अंदाज चुकला, जास्त पडलं. आणि रंग फिका दिसला म्हणून वरून चहा."

"ओतलात?"

"ललिताताई, आठ वर्षं या कामात आहे मी. एक आकडा खोटा लिहिलेला नाही." तिनं कॅनचं झाकण घट्ट बसवलं. "उद्या दहा वाजता ते मला पत्र देणार आहेत. 'नमुन्यात भेसळ केल्याबद्दल.' मग नाशकातल्या कुठल्या लॅबमध्ये मला उभं करतील? आणि रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढं त्यांनी लाल शाईनं लिहिलंसुद्धा."

ललिताताईंनी शाल घेतली. "अहो, स्कूटर काढा."

"काढतो. पण तोवर सांगून ठेवतो, आचारी."

"कोण आचारी?"

"कोणीतरी असणारच की."

*

डॉ. बच्छाव खुर्चीवर बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. डोळे लाल, दाढी वाढलेली, कमरेला ज्योत्स्नाकडून घेतलेली किल्ली.

"मी काल सकाळी सात ते आज सकाळी सात जागा आहे," ते म्हणाले. "स्वतः चार नंबरच्या मागे होतो. संडासाच्या दारापर्यंत. एक थेंब माझ्या नजरेआड पडलेला नाही."

"आणि निकाल?"

"आज दुपारी मी स्वतः तपासणार, उद्या सकाळी सगळ्यांसमोर वाचणार. बघाच तुम्ही. माझा पहारा होता, म्हणजे सहा ग्रॅम येतील. मग झालं सिद्ध."

ललिताताईंनी मान डोलावली. "पण डॉक्टर, हे सगळं चाललंय कशासाठी?"

हा प्रश्न डॉक्टरांना गेल्या दोन वर्षांत कुणी आपणहून विचारला नव्हता. त्यांची झोप उडाली.

"डोपामिन! लोकांना वाटतं, ते फक्त मेंदूत असतं. पण किडनी स्वतःचं डोपामिन स्वतः बनवते. रक्तातून एल-डोपा नावाचा कच्चा माल येतो, किडनीतल्या बारीक नळ्या त्याचं डोपामिन करतात. आता त्या नळ्यांचं एरवीचं काम काय? गाळलेल्या पाण्यातलं मीठ ओढून परत रक्तात टाकायचं. पण त्यांच्या पेशींवर रिसेप्टर असतात. कुलपं समजा. डोपामिन त्या कुलपात बसलं, की पेशी मीठ ओढायचं थांबवते. मीठ लघवीत जातं, त्याच्या मागं पाणी जातं."

"म्हणजे किडनीला आनंद होतो," महेशराव म्हणाले.

"किडनीला आनंद होत नाही."

"मग डोपामिन कशाला?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे, जिना चुकून आलेल्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं. "अहिरराव, एकच वस्तू मेंदूत एक काम करते, किडनीत दुसरं. हे एल-डोपाच घ्या. कंपवाताच्या गोळ्यांत तेच असतं."

"आमच्या आप्पांना होता कंपवात," महेशराव म्हणाले. "पण गोळ्या नाही घेतल्या त्यांनी. पंचवटीतल्या वैद्यांचं कवचबीजाचं चूर्ण. हात थांबायचे, पण मळमळायचं फार. आणि उठले की भिंत धरून उभे राहायचे."

"झाडपाल्याबद्दल मला काही विचारू नका," डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा डुलकी घेऊ लागले.

*

मयूर खैरनार डॉक्टरांचा सहायक. त्याच्या शर्टाच्या खिशात चार पेनं होती आणि चारही चालत होती.

"ज्योत्स्नामॅडम गेल्या तर लॅब तुमच्याकडे येईल?" ललिताताईंनी विचारलं.

"येईल," मयूर म्हणाला. "पण मला नकोय. तिथं फार वास येतो. मी वजनं घेतो. वजनांना वास नसतो."

"चार नंबरचं वजन दाखवा."

रजिस्टर स्वच्छ होतं. पुंजाराम भोये, रविवारी बावन्न किलो. सोमवारी साडेएक्कावन्न. मंगळवारी एक्कावन्न. बुधवारी पन्नास किलो आठशे.

"सव्वा किलो उतरलं की!"

"जेवत नाही नीट, म्हणून असेल."

"ताटात टाकलेलंही तोलता ना तुम्ही?"

मयूरनं पान उलटलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "टाकलेलं काहीच नाही. ताट चाटूनपुसून साफ आहे."

"अगं, हाच तो," बाहेर आल्यावर महेशराव कुजबुजले. "चार पेनं कोण ठेवतं?"

*

स्वयंपाकघरात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'बाहेरचं मीठ, लोणचं, पापड, वेफर सक्त बंद.' मिठाची बरणी कुलपात होती. आचारीण सगुणाबाई निफाडकडची, आडव्या अंगाची, बोलताना सारखं मनगट खाजवणारी.

"सहा ग्रॅम म्हंजे काय हो ताई? मुंगीच्या लग्नाला पुरंल तेवढं. असल्या आमटीत माझं नाव खराब होतंय." बोलता बोलता तिनं भाताच्या पातेल्यातलं पांढरं पाणी गाळलं आणि भाकरीच्या पिठात ओतलं.

"ते पाणी टाकत नाही?"

"टाकायचं? अन्नाचं पाणी? माझ्या हातून एक थेंब मोरीत गेला नाही आजवर. डाळीचं पाणी आमटीला, भाताचं पिठाला. चौदा वर्षं मंगल कार्यालयात काढलीत मी."

"हाताला काय झालंय?"

"साबण बदललाय मेल्यांनी." ती पुन्हा खाजवू लागली.

महेशराव तोवर पुरावे शोधत होते. त्यांनी बरण्या हुंगल्या, डबे वाजवले, खिळ्याला लटकलेली एक रिकामी फडक्याची पिशवी आतून-बाहेरून तपासली आणि कपाळावरचा घाम तिनंच पुसला.

"ती पुंजारामची हाय," सगुणाबाई म्हणाली. "धुवायची राहिली. रविवारी त्याची बायको येऊन गेली ना, तिनं आणलेले डोंगरातले वाल होते तीत. काळे, टपोरे. बिचारा म्हणाला, घरचं खावंसं वाटतंय. दिले शिजवून तीन दिवस, जोवर पुरले तोवर."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"काय सांगायचं? मिठाचा कण टाकला नाही त्यात. चिंच आन मिरची. पाटी वाचा ना. वाल कुठं लिहिलंय?"

पाटीवर वाल लिहिलेले नव्हते.

*

पुंजाराम पेठ तालुक्यातला. जवळच्याच एका इमारतीच्या कामावर होता. ललिताताई आल्या तसा तो अदबीनं उठला, आणि लगेच भिंत धरून पुन्हा बसला.

"चक्कर येते?"

"काल-परवा लय यायची. डोळ्यांपुढं काळं. आज कमी हाय."

"मळमळ?"

"हां. मला वाटलं, बसून खाल्ल्यानं. सवय नाय ना." तो ओशाळून हसला. "ताई, ज्योत्स्नाताईला काढणार का? त्या माझ्यामुळं गोत्यात आल्या का? मी कॅनात दुसरं काय टाकलं नाय. आईशप्पथ. जे आपलं, तेच."

"मला माहीत आहे," ललिताताई म्हणाल्या. "घरी हे वाल खाता तेव्हा चक्कर येते?"

"नाय कधी. माझी बायको, नवसाबाई, ती करती ना."

"इथं काय वेगळं होतं?"

"इथं रस्सा लय ग्वाड. घरी रस्सा नसतोच."

ललिताताईंनी विचारलं, "नवसाबाई कुठल्या इमारतीवर कामाला आहेत?"

परत जाताना महेशराव एका हातानं स्कूटर चालवत होते आणि दुसऱ्यानं कपाळ, मान आणि शक्य होईल तिथं पाठ खाजवत होते.

"अगं, मला पक्कं कळलंय," ते म्हणाले. "पुंजारामच. रात्री गुपचूप मीठ खातो."

"मिठाची बरणी कुलपात असताना?"

"मग डॉक्टरच." त्यांनी हनुवटी खांद्यावर घासली. "या पुराव्यांत काहीतरी चावरं आहे."

"हो," ललिताताई म्हणाल्या. "आज तुम्ही पहिल्यांदाच एक पुरावा अंगावर घेतलात."

*

शनिवारी दहा वाजता सगळे जेवणघरात जमले. टेबलावर टाईप केलेलं पत्र होतं, उघडं रजिस्टर होतं आणि सगुणाबाईंनी केलेला चहा होता. ज्योत्स्ना टेबलाच्या टोकाला ताठ बसली होती. महेशराव तेवढे नव्हते.

डॉक्टर उभे राहिले. त्यांचा चेहरा काल होता तसा नव्हता.

"गुरुवारचा निकाल," ते म्हणाले. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. "दोन."

"दोन काय?" मयूरनं विचारलं.

"ग्रॅम. दोन ग्रॅम. मशीन तीनदा तपासलं."

"म्हणजे आता कुणीतरी मीठ चोरलं," सगुणाबाई म्हणाली.

"हेच मी डॉक्टरांना विचारणार होते," ललिताताई म्हणाल्या. "डॉक्टर, लघवीत मीठ घालणं सोपं आहे. घातलेलं काढून कसं घ्यायचं? तेही तुम्ही चोवीस तास पहाऱ्याला असताना?"

डॉक्टर खाली बसले.

"आपण पहिल्यापासून बघू. तुमचं म्हणणं, हिनं बाहेरून मिठाचं पाणी ओतलं. चांगलं आहे. त्यानं कॅन जास्त भरेल, मीठ वाढेल, चहानं रंगही येईल. पण डॉक्टर, कॅनमध्ये पाणी ओतल्यानं पुंजारामचं वजन कसं उतरेल? मयूरनी स्वच्छ अक्षरात लिहिलंय, तीन दिवसांत सव्वा किलो. ताट तर तो चाटूनपुसून साफ करत होता. मग हे मीठ आणि पाणी बाहेरून आलेलं नाही. ते त्याच्याच अंगातून गेलं."

ज्योत्स्नानं पहिल्यांदा मान वर केली.

"आणि अंगातलं मीठ उणं झाल्यावर शरीर काय करेल? येईल तेवढं धरून ठेवेल. म्हणून गुरुवारी सहा खाल्लं आणि दोनच सोडलं. चार ग्रॅम परत भरून घेतलं. ज्योत्स्नाचे आकडे बरोबर होते म्हणूनच गुरुवारचा तुमचा आकडा असा आला. तिनं खोटं लिहिलं असतं, तर तुम्हाला खरंच सहा मिळाले असते."

"पण किडनी मीठ सोडायला लागली कशानं?" डॉक्टरांनी विचारलं. आवाजात आता राग नव्हता. ते पुढं सरकून बसले होते.

"तुम्हीच काल सांगितलंत. कुलपात डोपामिन बसलं की. आणि डोपामिनला कच्चा माल लागतो."

"एल-डोपा? इथं? अशक्य. ते औषधाच्या दुकानात मिळतं."

"आमच्या सासऱ्यांना पंचवटीत मिळायचं. त्यांना मळमळायचं, आणि उठले की ते भिंत धरायचे. काल पुंजारामनी माझ्यासमोर भिंत धरली. कवचबीज म्हणजे काय, तर खाजकुयलीची बी. तिच्या शेंगेवर लव असते, लागेल तिथं आग होते. सगुणाबाई पाच दिवस मनगट खाजवतायत आणि साबणाला शिव्या देतायत. आमच्या ह्यांनी काल त्याच पिशवीनं कपाळ पुसलं. रात्रभर त्यांना खोबरेल तेलात ठेवलं होतं."

"वाल!" सगुणाबाईंच्या तोंडून निघालं. ती हळूच खाली बसली. "पण ताई, हा तर घरी जन्मभर खातोय म्हणतो. त्याला तिकडं कधी काय झालं नाही."

"ते मला नाही सांगता येणार. ज्यांना येतं त्या येतायत."

बाहेर स्कूटर थांबली. महेशराव आत आले. त्यांचं कपाळ बीटासारखं लाल होतं. मागोमाग कामावरच्याच कपड्यांत नवसाबाई. तिनं आधी नवऱ्याला खालून वरपर्यंत पाहिलं.

"सुकलास," ती म्हणाली. मग सगळ्यांकडं वळून, "कोण शिजवलं?"

सगुणाबाईंनी बोट वर केलं.

"किती पाणी टाकलं?"

"दोन तांबे."

"टाकलं म्हंजे वतून दिलं! फेकलं किती?"

"फेकलं?" सगुणाबाईंना शब्दच कळेना. "अगं, फेकीन कशाला? त्या पाण्याची आमटी केली मी. कटाची करतात तशी. दाट, काळी. दोन-दोन वाट्या प्यायला तो."

नवसाबाईंनी कपाळाला हात लावला. "सात पाणी फेकायची असतात, बाई! शिजवायचं, फेकायचं. शिजवायचं, फेकायचं. सातव्याला खायचं. ल्हान पोराला ठावं हाय आमच्यात."

"सातच का?" डॉक्टरांनी वही ओढून घेतली होती.

"माझ्या सासूनं एकदा सहाव्याला उतरवलं. सासरा दोन दिस बसूनच अंगणातून घरात यायचा."

"सगळा एल-डोपा पाण्यात उतरतो," डॉक्टर पुटपुटले. "तुम्ही तो मोरीत घालवता. आणि या बाई..."

"माझ्या हातून एक थेंब मोरीत जात नाही," सगुणाबाई रडवेल्या आवाजात म्हणाली.

"तोच एल-डोपा कॅनमध्ये राहून काळा पडत असणार," ललिताताई म्हणाल्या. "हवा लागली की. ते काय ते डॉक्टर बघतील. चहा मात्र नव्हता तो."

"दोन वर्षं," डॉक्टर म्हणाले. "दोन वर्षं मी कागदावर हेच सिद्ध करायला बसलोय, आणि ते माझ्या स्वयंपाकघरात चिंच घालून शिजत होतं." त्यांनी टेबलावरचं पत्र घेतलं आणि चार तुकडे केले. "ज्योत्स्ना, माझं चुकलं. झालं गेलं विसरून जा."

"नाही," ज्योत्स्ना म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघू लागले.

"पत्र तुमचं होतं, तुम्ही फाडलंत. रजिस्टर माझं आहे." तिनं ते त्यांच्यापुढं सरकवलं. "तुम्ही लाल शाईनं 'भेसळ' लिहिलंय, तीन वेळा. ते तुमच्या हातानं खोडा. खाली लिहा, आकडे बरोबर. आणि सही."

मयूरनं खिशातलं एक पेन काढून दिलं.

डॉक्टरांनी तिन्ही ठिकाणी रेघ मारली. 'नऊ, दहा, नऊ: आकडे बरोबर' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. ज्योत्स्नानं सही नीट वाचली, शाई वाळेपर्यंत पान उघडं धरलं आणि मगच रजिस्टर मिटलं.

"आता बोला, सर."

"पुन्हा करायला हवं," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "नीट, ठरवून. पहिल्या पाण्यापासून सातव्यापर्यंत. नवसाबाई, बिया मिळतील? ज्योत्स्ना, तपासशील?"

"तपासते. पण पहिलं पाणी पिणार कोण?"

पुंजाराम छताकडं पाहू लागला. मयूरला एकदम वजनकाटा आठवला. महेशराव दोन पावलं मागं सरकून दाराच्या चौकटीला पाठ घासू लागले.

मग डॉ. धनराज बच्छाव यांनी, शाळेतल्या मुलासारखा, हळूच हात वर केला.